‘मी डॉक्टर आहे, मला कळतं’: रोज पिणाऱ्या सर्जनच्या पत्नीला उत्तर

प्रश्न एका ताईंचा आहे. त्यांचे यजमान तालुक्याच्या गावी सर्जन आहेत, वय ४९, स्वतःचं २० खाटांचं हॉस्पिटल. ताई हॉस्पिटलचा हिशेब आणि काउंटर सांभाळतात. त्या लिहितात: “पूर्वी शनिवारी मित्रांबरोबर बसायचे. गेलं वर्षभर रोज रात्री साडेनऊनंतर तीन लार्ज, कधी चार. सकाळची ओपीडी आजवर एकदाही चुकलेली नाही. झोपेची गोळी स्वतःच लिहून घेतात. दोन महिन्यांपासून सकाळी चहा घेताना कप बशीवर वाजतो. विषय काढला की म्हणतात, ‘मी डॉक्टर आहे, मला कळतं.’ हे व्यसन म्हणायचं का? बाहेर कळलं तर हॉस्पिटल बंद पडेल. बाटल्या ओतून देऊ का?”

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्यात जिवाचा धोका आहे. बाटल्या ओतून देऊ नका.

सकाळी कप वाजतो, ही एक ओळ वाचून मी थांबलो. रोज रात्री दारू मिळत असली की मेंदू स्वतःला तिच्याशी जुळवून घेतो. दारू मेंदूला थंड करते, म्हणून मेंदू आपली धग वाढवून ठेवतो. दारू उतरली की ती वाढवलेली धग तशीच उरते. हाताचा कंप, घाम, धडधड, चिडचिड ही तिचीच लक्षणं. शेवटच्या पेगनंतर ६ ते २४ तासांत ती दिसतात. दारू एकदम तोडली तर पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास माणूस भ्रमात जाऊ शकतो: भिंतीवर किडे दिसतात, ओळखीची माणसं ओळखू येत नाहीत, ताप चढतो. उपचार नसले तर यात माणसं दगावतात. मी अशा रात्री पाहिल्या आहेत, आणि त्यातल्या दोन डॉक्टरांच्याच घरच्या होत्या. दोन्ही घरी बायकोने प्रेमापोटी सगळं फेकून दिलं होतं. म्हणून दारू थांबवायची ती डॉक्टरच्या देखरेखीखाली, आणि तो डॉक्टर तुमचे यजमान स्वतः नसावेत.

झोपेच्या गोळीचंही इथेच सांगतो. अल्प्राझोलम किंवा झोल्पिडेम दारूवर घेतली की दोन्ही मिळून श्वास मंदावतात. रात्री ते फार जोरात घोरून मध्येच थांबत असतील, हलवूनही नीट जागे होत नसतील, तर सकाळची वाट पाहायची नाही.

आता “ओपीडी कधी चुकली नाही” याबद्दल. डॉक्टरांच्या घरून येणाऱ्या जवळपास प्रत्येक फोनमध्ये हे वाक्य असतं आणि घरातली माणसं त्याच्याच आधारावर वर्षं काढतात. इतर माणसाचं व्यसन वाढलं की आधी कामावर दांड्या सुरू होतात. डॉक्टरचं काम मात्र सगळ्यात शेवटी कोलमडतं. त्याची ओळख, मान, कर्जाचे हप्ते, सगळं त्या एका खुर्चीला बांधलेलं असतं. ती खुर्ची सांभाळायला तो बाकीचं सगळं एकेक करून सोडून देतो.

अकरा वर्षांपूर्वीची एक केस सांगतो. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. एक सर्जन रात्री साडेनऊला, माझा शेवटचा पेशंट गेल्यावर आले. गाडी मागच्या गल्लीत लावली होती. केसपेपरवर कंपाउंडरचं नाव होतं. मी त्यांना दोन्ही हात समोर धरायला सांगितले आणि पालथ्या बोटांवर एक कोरा कागद ठेवला. हाताचा बारीक कंप नुसत्या डोळ्याला दिसत नाही, कागदाची कड तो दाखवते. कड फडफडत होती. ते कागदाकडे बघत म्हणाले, “टाके घालताना हलत नाहीत.” मी विचारलं, “त्याआधी किती घेता?” बराच वेळ गेला. मग म्हणाले, “साठ.”

त्यांचीही ओपीडी एकदाही चुकली नव्हती. पण आधी मुलीच्या शाळेचं स्नेहसंमेलन सुटलं होतं. मग सकाळचं फिरणं, मग वाचन. दुर्बिणीतून करायच्या शस्त्रक्रिया त्यांनी “मशीन बिघडलंय” म्हणून शहरात पाठवायला सुरुवात केली. ऑपरेशनची वेळ ८ वरून ११ वर गेली. हे सगळ्यात आधी ओळखलं ते ऑपरेशन थिएटरच्या सिस्टरने. मास्कच्या आतून येणारा वेलदोड्याचा वास तिला वर्षभर आधी कळला होता. ती कुणाला सांगणार होती?

म्हणून ताई, ओपीडी बाजूला ठेवा आणि गेल्या दोन वर्षांत काय काय सुटलं ते आठवा. जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे, कमाल ४० गुण. ८ किंवा त्याहून जास्त आले तर पिणं धोक्याच्या पातळीवर आहे असं धरतात, २० किंवा त्याच्या पुढे व्यसनाची दाट शक्यता. डॉक्टरांना प्रश्नांमागचं गणित माहीत असतं, त्यामुळे त्यांचा गुण नेमका ७ येतो. मी नवरा-बायको दोघांनाही वेगवेगळ्या खोलीत ती भरायला देतो. तुम्ही सांगितलेलं रोजचं प्रमाण, सकाळचा कंप आणि सोबत गोळी, एवढ्यावरून माझा अंदाज असा की हा सवयीचा टप्पा मागे पडला आहे आणि शरीर दारूवर अवलंबून झालं आहे. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान लिहिणार नाही, पण तुम्ही व्यसन हा शब्द वापरलात तो चुकीचा नाही.

थोडा हिशेब करू, म्हणजे त्यांच्याशी बोलताना हातात आकडे राहतील. आपल्याकडच्या व्हिस्कीत साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. ३० मिलीत शुद्ध अल्कोहोल सुमारे १० ग्रॅम. तीन लार्ज म्हणजे १८० मिली, अख्खी क्वार्टर, ६० ग्रॅम. यकृत तासाला साधारण ७ ते ८ ग्रॅम निकालात काढतं. ते कुणाच्या हुद्द्यावर अवलंबून नसतं, आणि काळी कॉफी किंवा थंड पाण्याची अंघोळ त्याचा वेग वाढवत नाही. साडेनऊला सुरुवात केली तर हिशेब पहाटे साडेपाचच्या सुमारास मिटतो. चार घेतले तर सकाळी आठ वाजतात. आणि रात्री तीन वाजता फुटलेल्या अपेंडिक्सचा फोन आला तर? तीन लार्ज घेतलेल्या रात्री अंगात अजून जवळपास एक लार्ज शिल्लक असतो, चार घेतलेल्या रात्री दोन. तालुक्याच्या गावी दुसरा सर्जन नसतो, म्हणून ते उठून जातात. जाताना त्यांना आपण पूर्ण शुद्धीवर आहोत असंच वाटत असतं, कारण सवयीच्या माणसाला चढलेली जाणवत नाही.

अंगातली दारू संपली तरी हात लगेच जाग्यावर येत नाही. डब्लिनच्या संशोधकांनी २०११ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. आदल्या रात्री भरपूर प्यायलेल्यांना दुसऱ्या दिवशी लॅपरोस्कोपीच्या, म्हणजे दुर्बिणीतून करायच्या शस्त्रक्रियेच्या, सराव-यंत्रावर बसवलं, त्यांत अनुभवी सर्जनही होते. दुपारी एक वाजतासुद्धा त्यांच्या चुका जास्त होत होत्या.

ते तुम्हाला आणखी एक गोष्ट नक्की ऐकवतील, कारण मला प्रत्येक डॉक्टर ती ऐकवतो: “थोडी घेतलेली हृदयाला चांगली.” या समजाला बळ मिळालं ते डॉक्टरांच्याच अभ्यासातून. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफोर्ड हिल यांनी १९५१ मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांना धूम्रपानाबद्दल प्रश्नावली पाठवली आणि पुढे ५० वर्षं त्यांचा पाठपुरावा झाला. सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध त्यातून पक्का झाला. त्याच डॉक्टरांपैकी सुमारे १२,००० पुरुषांच्या पिण्याची माहिती १९९४ मध्ये छापून आली, आणि आठवड्याला ८ ते १४ युनिट घेणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण मुळीच न घेणाऱ्यांपेक्षा कमी दिसलं. तो आलेख आमच्या पिढीने तोंडपाठ केला. पण ब्रिटिश युनिट ८ ग्रॅमचं असतं. तुमच्या यजमानांचे रोजचे तीन लार्ज म्हणजे आठवड्याला ४२० ग्रॅम, ५२ युनिट. आलेखावर ती जागा पार दुसऱ्या टोकाला येते. शिवाय अशा अभ्यासांतल्या ‘न घेणाऱ्या’ गटात दुखण्यामुळे दारू सोडलेलेही असतात, त्यामुळे तो गट आधीच जास्त आजारी दिसतो, हा आक्षेप पुढे भक्कम होत गेला. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने दारूला १९८८ सालीच पहिल्या गटातलं, म्हणजे खात्रीचं, कर्करोगकारक ठरवलं आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलं की आरोग्याला निर्धोक असं दारूचं कुठलंच प्रमाण नाही. हे त्यांना माहीत नसेल असं नाही. रोज दहा पेशंटना ते हेच सांगत असतील.

एवढं शिकलेला माणूस इथवर कसा येतो, असं तुम्हाला रात्री वाटत असेल. मला याची सुरुवात बहुतेकांच्या बाबतीत निवासी डॉक्टरकीत सापडते. मीही त्यातूनच गेलो. छत्तीस तासांची ड्युटी संपवून वसतिगृहावर यायचो तेव्हा मेस बंद झालेली असे. अंग मोडून आलेलं, पण डोळा लागत नसे, कानात वॉर्डातले आवाज चालूच. शेजारच्या खोलीतून हाक यायची, “बसायचं का?” त्या दोन शब्दांत जेवण, सोबत, झोप आणि रडून घेण्याची एक जागा, एवढं सगळं मिळायचं. पहिल्यांदा मूल दगावलेलं पाहिलं त्या रात्री मला कुणी विचारलं नाही की तू ठीक आहेस का. विचारलं ते एवढंच, “बसायचं का?” तो आवाज प्रेमाचाच होता. आमच्यापैकी पुष्कळांनी दुसरी भाषा शिकलीच नाही.

झोपेचं आणि दारूचं हे नातं फार जुनं आणि फसवं आहे. ऑस्ट्रेलियातल्या डॉसन आणि रीड यांनी १९९७ मध्ये दाखवलं की सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखा वागतो आणि २४ तासांनी जवळपास ०.१० टक्के असल्यासारखा. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे रात्रभर जागून दुसऱ्या दिवशी टेबलापाशी उभा असलेला डॉक्टर थेंबभर न घेताही त्या मर्यादेच्या कितीतरी पुढे असतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने २०२४ च्या अहवालात निवासी डॉक्टरांना आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त काम नको, एक सुट्टी आणि रोज सात-आठ तास झोप हवी, असं म्हटलं. त्याच अहवालासाठी माहिती देणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी ३१ टक्क्यांच्या मनात आत्महत्येचे विचार येऊन गेले होते. मला हा आकडा वाचून दोन दिवस काही सुचलं नव्हतं.

दारूने लवकर झोप लागते हे खरं. पण उत्तररात्री ती विस्कटते, स्वप्नांची झोप कमी होते, तीन-चारला डोळा उघडतो. मग गोळी येते. सकाळी जड डोकं, म्हणून चहावर चहा. जेवण अकराला, तेही चखण्यानंतर. वजन, रक्तदाब, ट्रायग्लिसराइड्स वाढतात आणि त्यावर आणखी एक गोळी स्वतःच लिहिली जाते. तालुक्याच्या गावात त्यात बाकीचं मिसळतं: हॉस्पिटलचं कर्ज, एखादा पेशंट गेला की दारात जमणारा जमाव, बोलायला बरोबरीचं कुणी नाही, आणि गावात कुठे बसलं तरी “डॉक्टरसाहेब” म्हणून नमस्कार. महिन्यातून एकदा परिषदेनंतर मिळणारं जेवण हीच करमणूक, तिथे ग्लास भरलेलाच असतो. स्त्री डॉक्टर यातून सुटल्या आहेत असंही नाही. अमेरिकेत ७,००० हून अधिक डॉक्टरांची पाहणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात पिण्याचा आजार म्हणता येईल अशी लक्षणं पुरुषांत १२.९ टक्के आणि स्त्रियांत २१.४ टक्के होती. आपल्याकडे माझ्यापर्यंत येणाऱ्या स्त्री डॉक्टर अगदी थोड्या, आणि आल्या तेव्हा फार उशीर झालेला होता.

पण ताण तर नर्सलाही असतो आणि बस चालवणाऱ्यालाही. डॉक्टरचं वेगळेपण हे की त्याला डॉक्टर नसतो. तुमच्या यजमानांचं बीपी कोण बघतं? तेच. झोपेची गोळी कोण लिहितं? तेच. यकृताची तपासणी केलीच असेल तर स्वतःच्याच लॅबमध्ये, बहुधा दुसऱ्याच्या नावाने, आणि रिपोर्ट खिशात. जीजीटी (दारूने वाढणारं यकृताचं एक एन्झाइम) वाढलेलं दिसलं की “फॅटी लिव्हर, सगळ्यांनाच असतं.” मित्र फिजिशियन फोनवर औषध सांगतो, नाडीला हात लावत नाही, आणि शनिवारी त्याच्याच बरोबर बसायचं असतं. पेशंटच्या बाबतीत हे वागणं त्यांनी क्षणभर खपवून घेतलं नसतं. “मी डॉक्टर आहे, मला कळतं” यातला ‘कळतं’ खरा आहे. पण कंप सुटलेल्या मेंदूनेच स्वतःच्या कंपाचा निवाडा करायचा, हे कुणाच्याच आवाक्यातलं नाही. दारू आधी निवाडा करणारा भागच बोथट करते.

पुढच्या आठ दिवसांत काय करायचं ते सांगतो.

बोलायची वेळ सकाळची, रविवारची, नाश्त्यानंतर. रात्री ग्लास समोर असताना एक शब्द नको. सासूबाई, मुलं, मेहुणे यांना गोळा करू नका, घेराव झाला की डॉक्टर फक्त वाद जिंकतो. मागचा हिशेब काढू नका. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगा: “गेले दोन महिने कप वाजतो, मी रोज ऐकते. मला भीती वाटते. मी मंगळवारची वेळ घेतली आहे, आपण दोघं जाऊ.” वेळ खरोखर घेतलेली असू द्या. “बघू” म्हटलं तर पुढच्या आठवड्यात तेच वाक्य, त्याच स्वरात. माझ्याकडे आलेल्या डॉक्टरांपैकी पुष्कळ जण तिसऱ्या-चौथ्या वेळी आले.

मनोविकारतज्ज्ञ दुसऱ्या जिल्ह्यातला निवडा, तुमच्या रेफरन्सच्या वर्तुळाबाहेरचा. शरम हाच यातला मोठा अडसर असतो, तो आधी काढून टाकायचा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूमुळे होणारे मानसिक आजारही धरलेले आहेत आणि त्याखाली रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं उपचार करणाऱ्यावर बंधनकारक आहे. उपचार घेतले म्हणून कुणाची डॉक्टरकी जात नाही. नशेत पेशंटला हात लावला आणि काही झालं तर मात्र जाईल, आणि मग हॉस्पिटल बंद पडण्याची तुमची भीती खरी ठरेल. आधी कुणाशी नुसतं बोलायचं असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, नाव सांगावं लागत नाही.

उपचारात पहिले पाच ते सात दिवस दारू तोडल्याची लक्षणं आटोक्यात ठेवायला मोजून कमी करत नेलेली औषधं, आणि थायमिनची (बी-१ जीवनसत्त्वाची) इंजेक्शनं. थायमिनआधी ग्लुकोजची बाटली लावायची नाही, हे त्यांना माहीत आहे, तुम्हीही लक्षात ठेवा. त्यांच्या बाबतीत हे घरी करण्याचा मी सल्ला देणार नाही, भरती व्हावं. त्यानंतर ओढ कमी करणारी नालट्रेक्सोन किंवा अकॅम्प्रोसेटसारखी औषधं, आणि महिनोन्‌महिने बोलणं. डायसल्फिराम, म्हणजे जी घेतल्यावर दारू प्यायली की अंगाला त्रास होतो ती गोळी, तिच्याबद्दल एक कळकळीची विनंती. तुमच्या हॉस्पिटलच्या औषध दुकानात ती गोळी मागवणं तुम्हाला सहज शक्य आहे. न सांगता आमटीत किंवा चहात ती कधीही घालू नका. वरून दारू गेली तर रक्तदाब कोसळू शकतो, हृदयावर येऊ शकतं. ‘नकळत दारू सोडवा’ अशा जाहिरातींच्या पुड्याही नकोत. ही गोळी घ्यायची तर त्यांनी समजून, सही करून, तुमच्या समोर घ्यायची.

कामाचं ठरवावंच लागतं. माझ्या सर्जनने तीन महिने चाकू धरला नाही. ओपीडी पहिल्या महिन्यानंतर सुरू केली, ऑपरेशनला जिल्ह्यातून एक तरुण सर्जन ठरलेल्या दिवशी यायचा, रात्रीचे कॉल सहा महिने बंद. गावात “पाठीचं दुखणं” एवढंच सांगितलं. उत्पन्न घटलं, दोन हप्ते थकले. त्यांची पत्नी बँकेत जाऊन मुदत वाढवून आली. लघवीच्या आणि रक्ताच्या अचानक तपासण्या आम्ही आधीच लेखी ठरवल्या होत्या. वर्षभरात एकदा घसरले, आठव्या महिन्यात, मेहुण्याच्या लग्नात. दुसऱ्या दिवशी स्वतःच फोन केला.

अशी देखरेख अमेरिकेत राज्याराज्यांत डॉक्टरांसाठी चालते. तिथल्या १६ राज्यांतल्या ९०४ डॉक्टरांचा पाच वर्षांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ७८ टक्के जणांच्या तपासणीत पाच वर्षांत एकदाही दारू किंवा नशेचं दुसरं काही सापडलं नाही. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात इतके चांगले आकडे मी क्वचित पाहिले आहेत. आपल्याकडे तशी देशभरची व्यवस्था नाही, म्हणून ती आपल्याला दोन-चार माणसांत उभी करावी लागते: एक मनोविकारतज्ज्ञ, एक फिजिशियन, तुम्ही, आणि ते स्वतः.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेचं नाव काढलं तर ते म्हणतील, मी तिथे कसा बसू? त्यांना हे सांगा. १० जून १९३५ ला अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात डॉ. बॉब स्मिथ नावाच्या सर्जनला ऑपरेशनला जायचं होतं आणि हात थरथरत होते. घरी मुक्कामाला असलेल्या बिल विल्सनने हात स्थिर व्हावेत म्हणून त्यांना एक बिअर दिली. ती त्यांची शेवटची, आणि तोच दिवस या संघटनेचा स्थापना दिवस मानला जातो. तिच्या दोन संस्थापकांपैकी एक सर्जनच होता. मराठीतून सभा चालतात. कुटुंबीयांसाठी अल-अ‍ॅनॉन आहे, तिथे तुम्ही एकट्याने, ते आले नाहीत तरी, या आठवड्यातच जाऊ शकता.

तोपर्यंत: गाडीची किल्ली रात्री तुमच्याकडे. रात्रीचे कॉल उद्यापासून जिल्ह्याच्या हॉस्पिटलकडे वळवा, निमित्त काहीही सांगा. दारू त्यांनी स्वतःहून एकदम बंद केली आणि घाम, उलट्या, वाढता कंप किंवा असंबद्ध बोलणं दिसलं, तर स्वतःच्या हॉस्पिटलात सलाइन लावून बसू नका, सरळ जिल्ह्याला न्या. आणि तिथल्या डॉक्टरांना रोजचं खरं माप सांगा, १८० मिली, कधी २४०. अ‍ॅडमिशनच्या वेळी बायका हमखास “थोडी घेतात” म्हणतात, आणि औषधाचा डोस त्या ‘थोडी’वर ठरतो.